मधोमध आई

बुऱ्हाणपूर, १७ जून २०२५

चेतन,

फोन करू नकोस म्हणालास. ठीक आहे, नाही करत. पत्र लिहू नकोस असं काही म्हणाला नाहीस, म्हणून लिहिते आहे. आणि वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेलं नाही ते विसरून नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

मला आईची कॅसेट परत पाहिजे. तुझ्या डेकने टेप चावली, आता ती वाजत नाही, असं तू सांगितलंस. नसेल वाजत. चावलेली, तुटलेली, जशी असेल तशी पाठव. आईच्या आवाजाची दुसरी कुठलीच वस्तू या घरात नाही हे तुला सांगायला नको. तू नऊ वर्षांचा असताना, श्रावणात घरी कानबाई देवी बसते त्याच्या आदल्या दिवशी, बाबांनी ती भरली. बाबांची हार्मोनियम, लोटूमामांचे टाळ आणि मधे आई. कानबाई बसवतानाची ती आईच्या माहेरची, दापोऱ्याकडची गाणी आता आपल्या घरात एकालाही येत नाहीत. मला तर नाहीच. मी त्या वयात नाक वर करून फिजिक्सची गाइडं वाचत बसायचे.

त्या दिवशी इथे काय झालं ते तुला फोनवर अर्धंच कळलं असेल. मी नीट सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आता सांगते.

आईचं वर्षश्राद्ध झालं, पानं उठली, मंडळी पुढच्या खोलीत टेकली. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की चेतनने आईची कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून पाठवली आहे, आज आई गाणार आहे. एवढी मिरवले मी तुझ्या नावाने. शेजारच्या अश्विनीने तिचा तो डबीएवढा ब्लूटूथ स्पीकर आणून आईच्या फोटोसमोर ठेवला. बाबांची पेटी सुरू झाली. बाबांचा तो ठरलेला खोकला आला. टाळ लागले. मामांनी मान डोलवायला सुरुवात केली. आणि जिथे आईने उचलायचं, तिथे काहीच नाही. पेटी चालू, टाळ चालू, आणि आईच्या जागी दाराबाहेर कोणीतरी कुजबुजतंय अशी नुसती फुसफुस. पुढच्या गाण्यातही तसंच. लावली तेवढी सगळी गाणी तशीच.

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "मन्हा टाळ बराबर वाजी राहिनात. मन्ही बहीण कोठे गयी?"

टाळ वाजत होते, बहीण तेवढी नव्हती. माझं डोकं फिरलं. तुला फोन लावला, दोन शब्द बोलले, तू फोन ठेवलास. बस, एवढंच झालं.

आता तूच सांग, मी काय समजायचं? टेप खराब झाली तर सगळंच खराब व्हायला पाहिजे. पेटी शाबूत, टाळ शाबूत, खोकलासुद्धा शाबूत, आणि आई तेवढी गायब! हे आपोआप होतं का? तुझा आईवर राग होता हे काय मला माहीत नाही? ती तुझ्या लग्नाला इंदूरला आली नाही, ते तू कधी विसरला नाहीस.

कॅसेट पाठव. कुरियरने पाठव, पोस्टावर माझा भरवसा नाही.

वैजयंती


बुऱ्हाणपूर, ३० जून २०२५

चेतन,

कॅसेट मिळाली. पाकिटावरचा पत्ता पल्लवीच्या अक्षरात आहे. तू आत एक ओळ लिहिली नाहीस. शेवया बांधून द्याव्यात तशी टेपची गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आहे. मी ती उलगडून पाहिली, चुरगळलेल्या भागावर बोट फिरवलं आणि परत ठेवून दिली. यातून कुणी काही काढू शकेल असं मला वाटत नाही. म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. एवढं लिहून ठेवते.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काल एक गंमत झाली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं कळणार नाही.

अश्विनीला तू ओळखत नाहीस. भिंतीपलीकडच्या घरातली सून, माहेर धूलकोट, इथल्या शाळेत शिकवते. आईच्या शेवटच्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन बसायची. तिने तुझ्या पेनड्राइव्हवरची गाणी स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, कशाला ग, त्यात आहे काय? तर म्हणे, राहू द्या मावशी, पेटी तर आहे.

काल ती माझ्या ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती आणि कानात इयरफोन. तो वायरवाला, जुना. त्याची डावी बाजू कधीचीच मेलेली आहे, तरी ही फेकत नाही. मान हलवत हलवत एकदम म्हणाली, "मावशी, आजींचा आवाज काय खणखणीत आहे हो!"

मी म्हटलं, काय?

"अहो, मस्त गाऊन राहिल्या आहेत ना. ऐका!" आणि चालू असलेली ती उजवी बाजू काढून माझ्या कानात कोंबली.

चेतन, आई गात होती. शब्द न् शब्द. खालच्या पट्टीतून वर जाताना ती एक आवंढा गिळल्यासारखं करायची, तोसुद्धा. माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मग मी इयरफोनची वायर मोबाइलमधून उपटली, म्हणजे मोबाइलच्याच स्पीकरवर लागलं, तर आई गेली. वायर घातली, आई आली. उपटली, गेली. अश्विनी माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं.

म्हणजे आवाज आहे. तुझ्याच फाइलमध्ये आहे. तू पुसलेला नाहीस. मग एका कानात असलेली बाई दोन्ही बाजू एकत्र केल्यावर जाते कुठे? अकरावी-बारावीला लाटा शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, आणि मला रात्रभर उत्तर सापडलं नाही. सकाळी दात घासताना सापडलं. पण खात्री करून घेतल्याशिवाय लिहिणार नाही. तुला माझी सवय माहीत आहे.

पल्लवीला सांग, कॅसेट नीट पोचली.

वैजयंती


बुऱ्हाणपूर, १२ जुलै २०२५

चि. चेतन,

'चि.' लिहिलं आहे, बघ.

बाबांचा ॲम्प्लिफायर आणि ते दोन मोठे लाकडी स्पीकर आईच्या आजारपणापासून पलंगाखाली झाकून पडले होते. अश्विनीला हाताशी घेऊन बाहेर काढले. केवढी धूळ! एका स्पीकरमागे पालीचं अंडं निघालं. ॲम्प्लिफायरला तू एका दिवाळीत पेनड्राइव्ह लावायची सोय करून दिली होतीस, ती अजून चालते. दोन्ही स्पीकर भिंतीशी ठेवले, पेनड्राइव्ह लावला आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

या वेळी आई गायब झाली नाही. पण ती कुठे आहे ते कळेना. पेटी डाव्या हाताला, टाळ उजव्या हाताला, आणि आईचा आवाज खोलीभर सांडल्यासारखा. कधी वाटे कानामागून येतोय, कधी छतातून. आणि पातळ. छाती नसलेल्या माणसाने गावं तसा.

मग मी उठले. डाव्या स्पीकरची मागची लाल वायर काळ्याच्या जागी लावली आणि काळी लालच्या जागी. बाकी काहीही हलवलं नाही. परत खुर्चीत बसले.

आई दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे येऊन बसली. तिथे भिंतीवर आपलं जुनं कॅलेंडर आहे, दुसरं काही नाही. पण मी डोळे मिटले आणि सांगते तुला, मी हात पुढे केला.

आता ऐक. हे तुला समजेलच, पण मला शिकवायची खोड आहे. बाबांच्या टेपरेकॉर्डरला दोन माइक होते, डावा आणि उजवा. पेटी डाव्या माइकजवळ, टाळ उजव्याजवळ. आई बरोबर मधे, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच भरली गेली. तुझ्या फाइलमध्ये एक बाजू उलटी आहे. म्हणजे डावीकडे आईची लाट वर जाते तेव्हा उजवीकडे तीच लाट खाली जाते. एकेक बाजू ऐकली तर आई व्यवस्थित गाते. अश्विनीच्या डबीसारख्या स्पीकरमध्ये दोन्ही बाजू एक होतात, आणि वरची लाट खालच्या लाटेला खाऊन टाकते. पेटी एका बाजूला, टाळ दुसऱ्या बाजूला, त्यांना खायला कोणी नाही, म्हणून ते राहिले. मधे बसलेली आई तेवढी गेली. फळ्यावर ही आकृती मी किती मुलांना काढून दाखवली असेल! आणि माझ्याच घरात घडलं तेव्हा मला काय सुचलं, तर भाऊ वाईट आहे.

बाबांचे स्पीकर आधी बरोबर जोडलेले होते की नाही, तेही तपासलं. टॉर्चमधला सेल काढून स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवला. लाल वायर सेलच्या टोकाला, काळी बुडाला. दोन्ही स्पीकरचे पडदे टक् करून बाहेर आले. म्हणजे बाबांनी जोडलेलं बरोबर, आणि उलटं झालं ते तुझ्याकडे. जुन्या डेकचं टेप वाचणारं हेड तू स्वतः बदललंस, असं फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. चार केसाएवढ्या वायरी, भिंगातून बघून डाग दिला वगैरे. त्यातल्या एका बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, राजा.

मग तुला स्वतःला ते कळलं कसं नाही? यावर मी दोन दिवस विचार करून राहिले. आणि मग आठवलं. तू किती वर्षं तीच कटकट करतोस, की हल्लीची गाणी सगळी पोकळ, दम नाही, कॅसेटमध्ये जी मजा होती ती आता नाही. अरे, गाण्यांत दम आहे! तुझा एक स्पीकर उलटा जोडलेला आहे! त्यावर नीट गाणं पोकळ लागणारच. आणि उलट्या हेडमधून आलेली कॅसेट त्या उलट्या स्पीकरवर सुलटी होऊन जाते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि तू बसला होतास जमान्याला नावं ठेवत. विश्वास नसेल तर सेल घे आणि बघ. एक पडदा आत जाईल. न गेल्यास मी बुऱ्हाणपूरच्या चौकात कान धरून उभी राहीन.

बाबांच्या स्पीकरची वायर मी परत होती तशी लावून ठेवली आहे. त्यांच्या हातची जोडणी आहे, ती मोडलेली मला बघवेना.

आता दुसरं लिहायचं आहे. ते टाळत होते म्हणून आधी इतकी शाळा घेतली.

पहिल्या पत्रात 'दोन शब्द बोलले' असं लिहिलं होतं. काय बोलले ते तुलाही माहीत आहे आणि खोलीतल्या सगळ्यांनाही, कारण फोन मोठ्या आवाजावर होता. "लग्नाचा राग ती मेल्यावर काढलास." असं म्हणाले मी. मामांसमोर, भटजींसमोर.  तू एवढंच म्हणालास, ताई, आता फोन करू नकोस.

परवा मी तुझी फाइल शेवटपर्यंत ऐकली. वर्षश्राद्धाला मी ती मधेच बंद केली होती, म्हणून शेवट कधी ऐकलाच नव्हता. शेवटचं गाणं संपतं, पेटी थांबते, टाळ खाली ठेवल्याचा आवाज येतो. आणि मग आई अगदी मधोमधून म्हणते, "चेत्या, व्हयनं का रे? बंद कर आते."

'झालं का' म्हणून तुलाच विचारत होती, कारण तू समोर उकिडवा बसला होतास, बटणावर बोट ठेवून. मला आता सगळं आठवलं. बाबा तुला ते बटण दाबू द्यायचे आणि तू अंगात आल्यासारखा तिथे बसायचास. त्या पूर्ण टेपमध्ये आईने फक्त एकाच माणसाचं नाव घेतलं आहे. माझं नाही, बाबांचंही नाही. ती टेप उतरवताना तू ते ऐकलं असशील. तुझ्या त्या उलट्या स्पीकरवर तर ते बरोब्बर समोरून ऐकू आलं असेल. आणि दोन आठवड्यांनी मी तुला म्हणाले की तू तिला पुसून टाकलंस.

मी चुकले, चेतन. माझ्या जिवाला फार लागलं आहे. माफ कर म्हणायला मला येत नाही, घरात कुणालाच येत नव्हतं. पण म्हणते. माफ कर मला.

तुझी
वैजूताई


बुऱ्हाणपूर, २५ जुलै २०२५

चि. चेतन,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन गल्लीत शिरला की चष्मा शोधते.

कानबाई रविवारी, तीन ऑगस्टला आहे. मागच्या वर्षी आईचं सुतक म्हणून बसवली नाही. यंदा बसवायची की नाही ते तुझ्यावर आहे, आणि हे मी रागाने म्हणत नाही. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ घेतात, हे तुला माहीत आहे. बाबा गेल्यावर या घरात नाव घ्यायला उरला आहेस एकटा तू. तू येणार नसशील तर मी कुणाच्या नावाने मूठ उचलू? बाहेरच्या माणसाला तर तो रोट खाताही येत नाही. मी एकटीने बसून खायचा का?

आई तू आला नाहीस त्या वर्षीही तुझी मूठ काढायची. रोट कापडात बांधून कुणाच्या तरी हाती इंदूरला पाठवायची आणि निरोप द्यायची, "हा चेतनले." पल्लवीचं नाव तिने कधी घेतलं नाही. मी ते बघायचे आणि गप्प बसायचे. तेही आता लिहून टाकते.

मी आज गहू निवडायला घेतले आहेत. मूठ दोन तारखेला, शनिवारी सकाळी काढेन. तोपर्यंत नाही म्हणायचं असेल तर कळव. काही कळवलं नाहीस तर मी मूठ काढणार. मामा दापोऱ्याहून केळीचे खांब घेऊन यायचे म्हणतात, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

अनेक आशीर्वाद.

वैजूताई


बुऱ्हाणपूर, ५ ऑगस्ट २०२५

प्रिय पल्लवी,

तुझ्या नावाने मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मोजून मला लाज वाटून घ्यायची नाही, म्हणून मोजत नाही. चेतन आज संध्याकाळी निघतो आहे, हे पत्र आणि डबा त्याच्याच हाती देते आहे. तो घरी येऊन तुला काय सांगेल ते मला माहीत आहे. "झालं नीट" एवढंच सांगेल. म्हणून मी लिहिते.

तो शनिवारी आला नाही. मी मूठ काढली, दळून आणलं, आणि रात्री स्वतःशी म्हटलं, बाई, झालं तेवढं झालं. रविवारी सकाळी मामांनी केळीचे खांब बांधले, मी चौरंग मांडला, नारळ सजवला. निदान आईचं गाणं तरी नीट वाजावं, म्हणून डाव्या स्पीकरच्या वायरी उलट्या लावल्या. उलटी फाइल आणि उलटा स्पीकर. मोडली बाबांची जोडणी, काय करणार. आता आई बरोबर मधे बसेल, म्हटलं.

मी आत रोट तव्यावर टाकत होते तेव्हा ऑटो थांबल्याचा आवाज आला. आत येऊन हा माणूस काय म्हणाला असेल? "चहा आहे का?" मी म्हटलं, आहे. एवढंच. मी डोळे पुसले ते धुरामुळे, असं त्याला सांगितलं. गॅसला धूर नसतो हे त्यालाही कळतं.

मी चहा करत होते तेवढ्यात त्याने बाहेर जाऊन ॲम्प्लिफायरचा माझा पेनड्राइव्ह काढला आणि स्वतःचा लावला. त्याने इंदूरला बसून फाइलची उलटी बाजू सुलटी करून आणली होती. मला न सांगता. मी वायर उलटी केली होती, त्याला न सांगता. माझ्या पत्रात वायर परत बरोबर लावल्याचं लिहिलं होतं ना, तो त्यावर विसंबला.

कानबाई बसली, बायका जमल्या, अश्विनी नव्या साडीत. मी बटण दाबलं. पेटी, खोकला, टाळ. आणि आई पुन्हा घरभर सांडलेली, पातळ, छाती नसलेली!

मामा म्हणाले, "परत गयी का रे ही?"

मला वाटलं मीच सकाळी काहीतरी घोळ घातला. मी धावत डाव्या स्पीकरमागे गेले आणि वायरी सुलट्या केल्या. त्याच वेळी चेतनला वाटलं त्याचीच फाइल चुकली, म्हणून तो उजव्या स्पीकरमागे गेला आणि तिथल्या वायरी उलट्या करून आला. दोघं बाहेर आलो. आवाज जसाच्या तसा!

"तू काय केलंस?" तो म्हणाला.

"मी सुलटी केली. तू काय केलंस?"

"मी उलटी केली."

"कशाला?"

"मला काय माहीत तू सकाळीच उलटी करून ठेवलीस! मी फाइल दुरुस्त करून आणली आहे ना, ताई!"

"मग सांगता येत नाही का तोंडाने?"

"तू सांगितलंस?"

अश्विनी तोंडात पदर कोंबून हसत होती. मामांना काही कळेना, ते आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी परत माझ्या स्पीकरकडे वळले तसा तोही त्याच्याकडे वळला. मग थांबला आणि म्हणाला, "ताई, एकानेच करायचं. तू बस."

पल्लवी, मला 'तू बस' म्हणून सांगितलेलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शाळेत हेडमास्तरांचं ऐकलं नाही, घरात बाबांचं ऐकलं नाही. बसले. मांडीवर हात ठेवून बसले आणि काहीही न करता बघत राहिले.

त्याने उजवी वायर परत सुलटी केली, गाणं पहिल्यापासून लावलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. या वेळी आईने उचललं ते सरळ कानबाईच्या चौरंगावरून. केळीच्या खांबांच्या बरोबर मधून. मामांचा हात आपोआप टाळ धरल्यासारखा हलायला लागला. ते डोळे मिटून रडत होते. बायका पाठोपाठ म्हणायला लागल्या, अश्विनीला तर अर्धी गाणी पाठ निघाली.

शेवट यायला लागला तसा चेतन पुढे सरकला. मला वाटलं आवाज वाढवतोय. तो ॲम्प्लिफायरसमोर उकिडवा बसला. पेटी थांबली, टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि आई म्हणाली, "चेत्या, व्हयनं का रे? बंद कर आते."

"व्हयनं, माय," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

 मग मी उठले, चेतनला रोट वाढायचे होते.

चहा घेताना त्याने कबूल केलं. तुमच्या घरचा डावा स्पीकर सेल लावल्यावर आत गेला म्हणे. म्हणजे मला चौकात उभं राहायची पाळी आली नाही. इतकी वर्षं त्याने तुला पोकळ गाणी ऐकवली त्याबद्दल त्याला दोन शब्द सुनाव, माझ्याकडून परवानगी आहे. माझी पत्रं तो उघडत नव्हता आणि तू ती रोज त्याच्या ताटाशेजारी ठेवायचीस, हेही त्याने सांगितलं. कॅसेटच्या पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं होतं. तुझे आभार मानायला मला एवढा उशीर झाला.

सोमवारी सकाळी कानबाई तापीत पोचवली. चेतनच्या डोक्यावर चौरंग होता आणि पाऊस नव्हता, बरं झालं. पुढच्या वर्षी तूही ये. सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस, मीही नोकरी केली आहे.

डब्यात रोट आहे. त्यातला अर्धा तुझा. चेतनला सगळा खाऊ देऊ नकोस, आणि कौतुकाने शेजारीपाजारीही वाटू नकोस. तो घरच्या माणसांनीच खायचा असतो.

तुझी
वैजूताई